नाव सोनूबाई

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की घरातला चकलीचा सोऱ्या हरवतो. तो शोधण्यासाठी माळ्यावर चढावे लागते, माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडावी लागते, आणि त्या ट्रंकेत सोऱ्या सोडून बाकी सर्व काही सापडते. कुणाची तरी बाळपणीची कुंची, बंद पडलेले घड्याळ, आत्याच्या लग्नातली आहेराची यादी, आणि अलीकडे हमखास निघणारी वस्तू म्हणजे आजोबांचा कॅमेरा. कातडी पेटी वाळून कडक झालेली, पट्टा तुटलेला. बटण दाबले तर दबत नाही आणि दबले तर वर येत नाही. पण भिंगाभोवतीच्या कड्यावर बारीक परदेशी अक्षरे कोरलेली असतात. घरातला एखादा चलाख भाचा ती मोठ्याने वाचतो आणि ओरडतो, "मामा, हा जर्मन आहे!" त्या एका शब्दासरशी, दुपारी भंगारात जायचा तो कॅमेरा संध्याकाळी काचेच्या कपाटात जाऊन बसतो.

या सदरातून मागे एकदा मी जुन्या कॅमेऱ्यांच्या नादाची कबुली देऊन बसलो. तेव्हापासून अशी पुष्कळ 'जर्मन' भिंगे माझ्याकडे परीक्षेला येतात. वास्तविक मी कॉलेजात मराठी शिकवणारा माणूस. भिंगांच्या बाबतीत माझे जे काही शिक्षण झाले आहे ते सगळे फसवणुकीतून झाले आहे, आणि त्याची फी मी रोख भरली आहे.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका जुन्या बाजारात मी एक 'टेसार' भिंग विकत घेतले. टेसार म्हणजे जर्मनीतल्या येना गावी, कार्ल झाइसच्या कारखान्यात, पाउल रुडॉल्फ याने १९०२ साली रचलेले चार काचांचे भिंग. त्याची ख्याती अशी की नाव वाचूनच माझा हात खिशात गेला. घरी येऊन चार फोटो काढले, तर मध्यभागी माणसे आणि कडेला धुके. मुंबईला फोर्टात कॅमेरे दुरुस्त करणारे एक वृद्ध गृहस्थ होते, त्यांच्याकडे भिंग नेले. त्यांनी कड्यावरच्या नावाकडे पाहिलेसुद्धा नाही. डोक्यावरचा दिवा लावला, भिंग जरासे तिरपे धरले आणि आत डोकावून म्हणाले, "मोजा."

भिंगात दिव्याची चिमुकली प्रतिबिंबे दिसत होती. काही सुलटी, काही उलटी, काही लहान, काही मोठी. काचेचा पृष्ठभाग जिथे हवेला भिडतो तिथे एकेक ठळक प्रतिबिंब पडते. दोन काचा एकमेकींना चिकटवलेल्या असतील तर त्या सांध्यावरही प्रतिबिंब पडते, पण अगदी फिकट. टेसारमध्ये दोन काचा सुट्या आणि मागच्या दोन चिकटवलेल्या. म्हणजे एकूण सहा ठळक ठिपके आणि एक फिकट. माझ्या भिंगात ठळक ठिपके सहा भरले. फिकट मात्र काही केल्या दिसेना. "हे तीन काचांचे साधे भिंग आहे," म्हातारबुवा म्हणाले. "इंग्लंडच्या डेनिस टेलरने १८९३ साली काढलेली चाल. वाईट नाही, पण टेसारही नाही. कुणीतरी नावाचे कडे बदलले आहे." मी ओशाळलो हे पाहून त्यांनी वर एक वाक्य जोडले, "कडे माणूस कोरतो, प्रोफेसर. ठिपके उजेड पाडतो." त्यांनी त्या दिवशी माझ्याकडून एक पैसाही घेतला नाही. कदाचित मी आधीच पुरेसा लुटलेला दिसत असेन.

ही विद्या जवळ होती म्हणून गेल्या उन्हाळ्यात मिरजगावला माझी पंचाईत झाली.

मिरजगाव हे माझे आजोळ. नगर-सोलापूर रस्त्यावरचे, कर्जत तालुक्यातले गाव. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले असले तरी तिकडची जुनी माणसे अजून 'नगरला जाऊन येतो' असेच म्हणतात. आजोळी सारा गावच मामाचा असतो. त्यामुळे स्टँडाजवळ ज्यांचा फोटो स्टुडिओ होता ते आम्हा मुलांचे 'फोटोवाले मामा'. पंचक्रोशीतली लग्ने, शाळेचे निरोपसमारंभ, सातबाऱ्याच्या भांडणात पंचनाम्याला लागणारे बांधाचे फोटो, सगळे तेच काढायचे. त्यांच्याकडे एक छोटा झोर्की कॅमेरा होता. तो गळ्यात अडकवला की त्यांची मान आपोआप ताठ व्हायची. कुणी विचारो न विचारो, ते सांगायचे, "कॅमेरा रशियन आहे, पण लेन्स अस्सल जर्मन. सोन्नार!" आम्हा पोरांना ते 'सोनार' ऐकू यायचे, आणि कॅमेऱ्यात सोने असावे अशी आमची बरेच दिवस समजूत होती.

मामा जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांच्या मुलाने, आमच्या दादाने, मला मुद्दाम बोलावून घेतले. त्याच्या मुलीला पुण्यात शिकायला ठेवायचे होते. वसतिगृहाची आणि कॉलेजची फी एकदम भरायची होती. पुण्याचेच एक हौशी गृहस्थ ते भिंग घ्यायला तयार झाले होते. अलीकडे नव्या कॅमेऱ्यांवर मध्ये एक कडे बसवून जुनी भिंगे वापरण्याची टूम तरुणांत निघाली आहे, त्यामुळे पूर्वी रद्दीच्या भावाने जाणाऱ्या भिंगांना भलताच भाव आला आहे. त्या गृहस्थांनी बोललेल्या रकमेत फीचा मोठा भाग निघणार होता. अट एकच, कुणा जाणकाराने भिंग अस्सल असल्याचे लिहून द्यावे. "तू प्रोफेसर. तुझी चिठ्ठी चालेल," दादा म्हणाला.

मामींनी माजघरातून कॅमेरा आणला. तो जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला होता. कातडी पेटीत नव्हता, हे पाहून मला बरे वाटले. बंद पेटीतली दमट हवा भिंगाला बाधते. आत कोळिष्टकासारखी बुरशी धरते आणि ती पुढे काचच खाते. तुमच्या ट्रंकेतला कॅमेरा सापडला तर पेटी वेगळी ठेवा आणि भिंगाला अधूनमधून उजेड दाखवा, हा या लेखातला एकमेव फुकट सल्ला. मामींच्या लुगड्यात ते भिंग लख्ख राहिले होते.

मी दाराशी उजेडात बसलो. आधी कड्यावरची अक्षरे वाचली: कार्ल झाइस येना, सोन्नार, आणि अंतर 'पन्नास मिलिमीटर'. इथेच पहिली ठेच लागली. युद्धापूर्वीचे जर्मन कारखानदार हे अंतर सेंटिमीटरमध्ये लिहीत. 'पाच सेंटिमीटर' असे. पुढचा क्रमांक मात्र सत्तावीस लाखांच्या घरातला, म्हणजे युद्धाच्या सुरुवातीच्या सुमाराचा. क्रमांक एका काळातला आणि मोजमाप दुसऱ्या. अक्षरेही सारखी खोल नव्हती. कुठे काळा रंग भरून राहिला होता, कुठे उडाला होता.

मग भिंग तळहातावर तोलले. त्या काळातले सोन्नार पितळेचे, हाताला भारी लागणारे. हे अ‍ॅल्युमिनियमचे, हलके. शिवाय ते फिरकीने लायका पद्धतीच्या कॅमेऱ्यावर बसणारे होते. सोन्नार मुळात झाइसच्या स्वतःच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी बनले. लायकाच्या फिरकीची खरी सोन्नार फार थोडी. जे मुळात दुर्मीळ, ते मिरजगावच्या स्टँडाजवळ सहज सापडावे, याचाच संशय आधी घ्यायला हवा होता.

काचेवर जांभळट निळी झाक होती. ही झाक म्हणजे काचेवर चढवलेला अतिशय पातळ लेप. उघड्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून शंभरातला चारेक भाग उजेड उलटून जातो. लेपामुळे ही गळती पुष्कळ थांबते. झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुला याने ही युक्ती १९३५ साली काढली. त्या काळात लेप दिलेल्या झाइस भिंगांवर लाल रंगात 'टी' हे अक्षर असे. इथे लेप होता, अक्षर नव्हते. आणि कॅमेऱ्यापासून भिंग सोडवून मागची बाजू पाहिली तेव्हा आतल्या खोबणीत एक वेगळाच क्रमांक सापडला. तो अठ्ठावन्नने सुरू होत होता. रशियातल्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा सालाचे असत. म्हणजे भिंगाचा जन्म १९५८ चा, आणि त्याचे खरे नाव 'ज्युपिटर-आठ'.

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! ही म्हण ज्याने रचली त्याने सोन्नार पाहिला नसणार, पण इतकी चपखल ती दुसरीकडे कुठे बसली नसती. इथे तर नावाचाच वाळा होता.

आता शेवटची साक्ष राहिली होती. मी दादाला बॅटरी धरायला सांगितली आणि ठिपके मोजू लागलो. ठळक सहा, त्यांच्या अधल्यामधल्या जागी, डोळे ताणून पाहिले तर, फिकट तीन. दोनदा मोजले, तिसऱ्यांदा मोजले. हिशेब बरोबर होता, आणि तो सोन्नारचा हिशेब होता! पुढे एक सुटी काच, मध्ये तीन चिकटवलेल्या, मागे दोन चिकटवलेल्या. लुडविग बेर्टेले याची ही रचना १९३२ साली कॉन्टॅक्सबरोबर बाजारात आली. लेपाची युक्ती अजून निघायची होती, तेव्हा बेर्टेलेने काचाच एकमेकींना चिकटवून टाकल्या. सहा काचा सुट्या ठेवल्या तर हवेला भिडणारे पृष्ठभाग बारा, आणि शंभरातला साधारण एकोणचाळीस भाग उजेड वाटेतच गळतो. त्या तीन जुड्यांत बांधल्या तर पृष्ठभाग सहा, आणि गळती साधारण बावीसवर येते.

म्हणजे कड्याने खोटी साक्ष दिली, धातूने ती खोडून काढली, आणि उजेड म्हणत होता की घराणे मात्र तेच आहे. हे कसे?

त्याचे उत्तर युद्धाच्या इतिहासात आहे. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सैन्य येना गावात शिरले. ठरल्याप्रमाणे ते गाव रशियाकडे सोपवून निघताना अमेरिकनांनी कारखान्यातली निवडक शास्त्रज्ञ मंडळी बरोबर नेली. त्यांनी पश्चिम जर्मनीत ओबरकोखेन येथे नवे बिऱ्हाड थाटले. मागे राहिलेली यंत्रे बऱ्याच अंशी रशियाने १९४६-४७ च्या सुमारास युद्धाची भरपाई म्हणून उचलली. कॉन्टॅक्स कॅमेरा कीव्हला गेला, सोन्नारची घडण मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला. तिथली पहिली भिंगे तर जर्मनीहून आणलेल्या काचेचीच होती आणि त्यांचे नावही 'क्रास्नोगोर्स्कचा सोन्नार' असेच होते. पुढे रशियन काच वापरात आली, मापे थोडी बदलली आणि ज्युपिटर हे नाव पडले. इकडे येना आणि ओबरकोखेन यांच्यात वाडवडिलांच्या नावावरून भाऊबंदकी सुरू झाली. परिणामी, पूर्वेच्या खऱ्याखुऱ्या झाइस भिंगांवर काही देशांतल्या बाजारांसाठी झाइस हे नावच घालता येईना. नुसते 'येनाहून' एवढे कोरून ती पाठवावी लागली. दोन्ही घरे पुन्हा एक झाली ती जर्मनी एक झाल्यावर, १९९१ साली. खऱ्याला नाव लावायची बंदी आणि खोट्याच्या कपाळावर तेच नाव, असा तो काळ होता.

आम्हा मराठीच्या मास्तरांना हा प्रकार अगदी अनोळखी नाही. संतांच्या गाथांत शेवटी नाममुद्रा असते. तेवढी मुद्रा पाहून अभंग त्या संताच्या नावे जमा करायचा, असे कितीतरी काळ चालले. विष्णुदास नामा हा नामदेवांनंतर दोन-अडीच शतकांनी झालेला कवी. 'नामा' ही मुद्रा सारखी पडल्यामुळे त्याच्या रचना नामदेवांच्या गाथेत मिसळून गेल्या. त्या वेगळ्या काढायच्या तर मुद्रा उपयोगी पडत नाही. भाषेची ठेवण, शब्दांचे वय, उल्लेखांचा काळ पाहावा लागतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती अशाच चिकाटीने. आणि मिसळलेली रचना वेगळी काढली म्हणजे ती टाकाऊ ठरत नाही. विष्णुदास नाम्याला त्याचे स्वतःचे नाव परत मिळते, एवढेच.

वर्गात हे सांगणे सोपे आहे. दाराशी दादा उभा होता.

मी त्याला सगळे सांगितले. त्याचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "तू बोलला नसतास तर कुणाला कळलं असतं? त्या पुण्यवाल्याला ठिपके मोजता येतात थोडेच!" खरे सांगतो, क्षणभर माझ्याही मनात आले की काय बिघडते? रचना सोन्नारचीच आहे. घेणारा पैसेवाला आहे. पोरीची फी भरली जाईल. चिठ्ठीत 'सोन्नार रचनेचे भिंग' असे मोघम लिहिले तर शब्दाने मी खोटा ठरणार नाही. शब्दांचाच धंदा करणाऱ्याला अशा पळवाटा लवकर सापडतात.

"आईला यातलं काही सांगू नकोस," दादा पुढे म्हणाला. पण मामी मागे येऊन उभ्या होत्या. "काय निघालं रे?" त्यांनी विचारले. "खरं सांग. मला काय व्हायचं नाही."

"मामी, लेन्स रशियाची आहे. नाव जर्मनीचं घातलंय, ते खोटं आहे."

त्या बसल्या. भिंतीवर एक मोठा फोटो होता, तिकडे त्यांनी पाहिले. मीही पाहिले. १९७२ च्या दुष्काळातला, खडी फोडण्याच्या कामावरचा फोटो. उन्हात बसलेल्या बायकांची रांग, पुढे दगडांचे ढीग, एकीच्या मांडीवर मूल आणि त्याच्या हातात सुकडीची वाटी. मी उठून जवळ गेलो. मधल्या बाईच्या हातोडीच्या दांड्यावरची शीर न् शीर दिसत होती. फोटोच्या कोपऱ्यांत दगड जरासे विरघळत गेले होते. पडदा पुरता उघडला की हे भिंग असेच पाहते. मिलोची लाल भाकरी खाऊन त्या कामावर गेलेल्या बायकांपैकी आज गावात कोण उरले असेल? तिथे त्यांच्याकडे पाहायला हेच भिंग होते.

"ह्याच लेन्सनं काढलाय," मामी म्हणाल्या. "त्यांना कुणीतरी मुंबईत फसवलं असणार. त्यांनी काय कुणाला फसवलं नाही." मग दादाकडे वळून, "ते चुकीचं सांगत होते, कारण त्यांना ठाऊक नव्हतं. आता तुला ठाऊक झालंय. तू चुकीचं सांगू नकोस." आणि मला, "लिही रे चिठ्ठी. जे हाय ते लिही."

मी लिहिले. भिंग ज्युपिटर-आठ, क्रास्नोगोर्स्क, १९५८. कड्यावरचे नाव व क्रमांक बनावट. रचना बेर्टेलेच्या सोन्नारची. काच निर्दोष, बुरशी नाही, ओरखडा नाही. खाली सही केली. माझ्या एम.ए.च्या प्रबंधावर सही करताना हात थरथरला नव्हता, तो त्या दिवशी थोडा थरथरला. कारण त्या सहीने एका मुलीची फी कमी होत होती.

पुण्याचे गृहस्थ भले निघाले. त्यांनी भिंग घेतले, मात्र आधी बोललेल्या रकमेच्या जेमतेम दहाव्या हिश्श्यात. आणि रशियन भिंगाची ती रास्त किंमत होती. फीसाठी दादाने पतसंस्थेचे कर्ज काढले. त्याचे हप्ते अजून चालू आहेत. नात पुण्यात शिकते आहे. दादा माझ्याशी महिनाभर जरा तुटक बोलत होता; आता पुन्हा पूर्वीसारखा बोलतो.

भिंग देण्यापूर्वी मामींनी एक अट घातली होती. नावाचे कडे काढून घ्यायचे. "ते नाव घेऊन ती लेन्स पुढं आणखी कुणाला तरी फसवायची," असे त्यांचे म्हणणे. दादाने एका कारागिराकडून त्या जागी साधे काळे कडे बसवून घेतले. आता ते भिंग बिननावाचे फोटो काढत असेल.

नावाचा वाळा मामींनी ठेवून घेतला आहे. मामांचा चष्मा, स्टुडिओची किल्ली आणि तो वाळा, असे तिन्ही एका बिस्किटांच्या डब्यात आहेत. परवा दिवाळीच्या आवराआवरीत त्यांनी डबा उघडून मला दाखवला. वाळा त्यांनी रांगोळीच्या पुडीतल्या चिमूटभर भुकटीने घासून चकचकीत केला होता, आणि अक्षरांतला उरलासुरला काळा रंग त्यात निघून गेला होता. नाव आता उजेडात तिरपे धरल्याशिवाय वाचता येत नाही.